जाळ्याचा आयतार

वाडीतली पोरं हल्ली मला देवाच्या जवळचा म्हातारा म्हणतात. त्यांच्या बापांनी मला काय काय म्हटलं होतं ते त्या पोरांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. शाळा मी दुसरीत सोडली. अक्षर वाकडं येतं, पण येतं.

मालवणच्या खालच्या अंगाला आमची वाडी. एका बाजूला हिंदू गाबितांची घरं, दुसऱ्या बाजूला आम्हा किरिस्तांवांची, मधे माड. कोण कुठल्या देवाचा ते बांगड्याला कळत नाही, त्यामुळे रापण दोघांची एकच. रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं जाळं. होडीतून ते दर्यात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी वाळूवर ओढून आणायचं. पण ते जाळं कुणा एकाचं नसे. प्रत्येक घराने आपल्या हाताने विणलेला तुकडा आणायचा, सगळे तुकडे एकमेकांना शिवायचे, तेव्हा रापण व्हायची. वाटा अर्धा तुकड्याचा, अर्धा दोर ओढण्याचा. तुकड्यांच्या जागाही ठरलेल्या. नव्या घरांचे कडेला. मधे जिथे मासा येऊन कोंडतो, तिथे जुन्या घरांचे.

आमचा तुकडा मधे होता. माझ्या आजोबाने ती जागा मिळवली आणि बापाने राखली. मला मिळाला तो तुकडा बापाने तागाच्या सुताने विणलेला. दर पावसाळ्यात तो झाडाच्या सालींच्या काढ्यात उकळायचा, म्हणजे कुजत नाही. एका कोपऱ्यात त्याने सुताच्याच गाठींचा बोटाएवढा खुरीस, म्हणजे क्रूस, घातला होता. लोक जमिनीचा माज करतात. आमच्याकडे जमीन नव्हती. आमचा माज तो तुकडा आणि त्याची जागा.

पन्नास सालानंतरची गोष्ट. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होतं. आमच्या इगर्जीत, चर्चमध्ये, गोव्याकडचा एक पाद्री होता. उंच, पोटाने सुटलेला, आवाज असा की प्रवचनाचा सरमांव सुरू झाला की माडावरचे कावळे उठत. त्या वेळी मिसा, म्हणजे इगर्जीतली उपासना, लातीनमधून. पाद्री आल्ताराकडे, वेदीकडे, तोंड करून उभा, आम्ही त्याच्या पाठीकडे. तो काय म्हणतो ते देवाला कळे, आम्ही फक्त कधी गुडघे टेकायचे ते शिकलो होतो.

गणपती होऊन गेले होते. आयताराची सकाळ. रविवारला आमच्या तोंडी आयतारच म्हणतात. मिसा अर्ध्यावर आली आणि किनाऱ्यावरून आरोळी आली, “बांगडो इलो रेऽऽ!” पाण्यावर काळी सावली दिसली की टेहळ्या अशी आरोळी देई, आणि मग ती सावली कुणासाठी थांबत नसे. बाप्ये बाजूच्या दाराने एकेक करून सटकले. पाद्री आशीर्वाद द्यायला वळला तर समोर बायका, दोन खोकणारे म्हातारे आणि एक कुत्रा. बायका सांगतात, त्याने आशीर्वादाचा हात वर केला तो तसाच राहिला.

पुढच्या आयताराला सरमांवात तो त्यावर काही बोलला नाही. मिसा संपल्यावर त्याने सगळ्या बाप्यांना किनाऱ्यावरच्या खुरसापाशी नेलं. चुन्याने रंगवलेला दगडी खुरीस, दर्याकडे तोंड करून उभा. तिथे एकेकाला गुडघ्यावर बसवलं, दगडावर हात ठेवायला लावला आणि मोठ्याने म्हणायला लावलं, आयताराच्या दिवशी मी दोराला हात लावणार नाही. “देवाचो दीस देवाक दियात,” तो म्हणाला. “सा दीस दर्याचे, एक दीस तेचो. तितको लागीं रावूंक जमना?” लागीं म्हणजे जवळ.

सगळ्यांनी ती सोपूत म्हणजे शपथ घेतली. माझ्या धाकट्या भावानेही, माझ्या शेजारी गुडघे टेकून. माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणाला.

पुढचे दोन-चार आयतार दर्या रिकामा होता. रिकाम्या दर्यावर सोपूत पाळायला काय लागतं? मग एका आयताराला बांगडा आला. आमचे बाप्ये माडांखाली उभे राहून बघत होते. गाबित एकटेच ओढत होते, निम्मी माणसं, दोर पुढे सरेना. कुणीतरी म्हणालं, जाऊन नुसतं बघू. मग, नुसतं ओरडून जोर देऊ. माझा भाऊ पहिला गेला.

“खंय चल्लंस?” मी विचारलं.

“बगूक.”

“बगूक डोळे लागतत. हात कित्याक पुसतंस लुंगीक?”

तो हसला. “तुझ्यासारख्या दगडाक काय कळतला रे. दोर सुटलो तर सगळ्यांचोच मासो जातलो. तो पण धर्म नाय?”

त्याने दोर धरला. त्याच्यामागे बाकीचे. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं, लाज पण नव्हती, नेहमीसारखे ओरडत होते. मी खुरसाच्या पायरीवर दर्याकडे पाठ करून बसलो. दगड उन्हाने तापला होता. मागे रापण वाळूवर आल्याचं पाठीला कळत होतं.

घरी गेलो तर बायको दारात. माझी बायको देवभोळी होती आणि तोंडाळ होती, दोन्ही एकाच मापाने.

“वाटो खंय आसा?”

“नाय घेवचंय.”

“दोराक हात लावक नाय म्हणान अर्धो वाटो गेलो, तां समाजलंय. पण जाळ्याचो अर्धो आसा मा? आपलो तुकडो दर्यात होतो मा?”

ती हाताचं भाकरीचं पीठ झटकत सहज बोलून गेली. पण मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. खरंच की. मी खुरसापाशी बसलो होतो आणि माझ्या बापाचा तुकडा, त्यावरच्या खुरसासकट, दर्यात उतरून मासा धरत होता. मी हात आखडला आणि जाळं कामावर. ही कसली सुट्टी? देवाला फसवायची ती.

बायकोला वाटलं तिने मला वाट दाखवली. दाखवलीच होती, पण मी गेलो ती दुसरी.

रापणीचा तांडेल म्हणजे मुख्य माणूस गाबित होता, माझ्या बापाच्या वयाचा. मी त्याला काका म्हणत असे. तो वाळूवर फाटलेलं जाळं सांधत होता. मी सांगितलं, दर शनिवारी संध्याकाळी माझा तुकडा रापणीतून सोडवायचा, सोमवारी मी स्वतः परत शिवीन.

त्याने आधी मला नीट बघितलं. प्यालो नाही ना ते बघितलं असणार. दारूबंदी होती तरी वाडीत मिळायची.

“झिला, कडेचो तुकडो असतो तर बगलंय असतंय. तुझो मधे आसा. मधे भोक पडलां तर मासो थंयसूनच जातलो. साठ घरांचो मासो तुझ्या एका देवापायी?”

“काकानू, माझ्या एका नाय. सगळ्यांनी सोपूत घेतल्यानी हा.”

“सगळे ओढतत.”

“मी नाय ओढूचंय. आनी माझां जाळां पण ओढूचां नाय.”

त्याने एक टाका घातला. मग म्हणाला, “तुमच्या मोठ्या शुक्रवारी आमी रापण सोडूक नाय. आमच्या दिवाळीच्या अवशेक तुमी सोडूक नाय. तां वर्षाचां एक-दोनदा. दर आठवड्याक देव कसो परवडात रे, गरिबाक?” आणि गाठ ओढून घेत, “तुझ्या बापाशीक पण देव होतो. आयताराक सकाळी इगर्जीत आनी दुपारी दोरार. तेचो देव रागावलेलो माका म्हायत नाय.”

हे ऐकून मी उठायला हवं होतं असं पुढे पुष्कळ जण म्हणाले. मी उठलो नाही. म्हटलं, मग कायमचा काढा.

“काढलो तर जागा रवाची नाय. जागा रिकामी ठेवक येणा नाय, ती भरूक होयी. तुका समाजता?”

“समाजता.”

मी कमरेची सुरी काढली. त्याने माझा हात धरला. “कापू नको. बापाशीचो हात आसा तेच्यार.” आणि तो म्हातारा स्वतः बसला, दोन्ही बाजूंची शिवण टाका टाका उसवली. बापाच्या एका गाठीला धक्का लागला नाही. मी तुकडा खांद्यावर टाकला. ओला तागाचा तुकडा वजनाला माणसासारखा लागतो.

दुसऱ्या दिवशी त्या जागेत भावाचा तुकडा बसला. त्याची जागा कडेला होती, ती मधे आली. मी उठून जागा दिली असती तर त्याने पाया पडून घेतली असती. आता त्याला काही बोलावंच लागलं नाही.

एक माणूस मात्र माझ्या बाजूचा होता, असं मला वाटत होतं. पुढच्या आयताराला दुपारी मी पाद्र्याच्या घरी गेलो. सांगायला, की तुमच्या शब्दावर मी बापाची जागा सोडली. शाबासकी नको होती. खोटं कशाला बोलू, हवी होती.

पाद्री जेवत होता. दारातच तळलेल्या बांगड्याचा वास आला. ताज्या बांगड्याचा वास आमच्या माणसाला सांगावा लागत नाही. कालचा आणि आजचा यांत फरक असतो.

मी सगळं सांगितलं. तो मान हलवत राहिला, काटा काढत राहिला. म्हणाला, “बरें केलें. देव पळयता.” देव बघतोय म्हणे.

“पाद्रीबाब, हे बांगडे कधीचे?”

“आजचे. तुज्या भावान धाडले. बरो भुरगो तो, कधीं विसरना.”

मी त्याच्या ताटातल्या काट्यांकडे बघितलं. म्हटलं, “आयताराक ओडलेले.”

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “ओडप पातक,” तो म्हणाला. “खावप न्हय. आयिल्लें अन्न उडोवप, तें पातक.” म्हणजे आलेलं टाकणं पाप. मग त्याने स्वयंपाक्याला, कुजनेराला, हाक मारली, मला पण एक बांगडा द्यायला. केळीच्या पानात बांधून.

मी तो बांगडा नाही म्हणालो. घरी येऊन मिठाची पेज जेवलो. बायकोने विचारलं, पाद्री काय म्हणाला? मी सांगितलं. ती एवढी हसली की तिला चूल सोडून बाहेर यावं लागलं. “मेलो तो पाद्री! आनी तुमी एक शाणे! निदान बांगडो तरी आणूचो मा माका!”

मी सोपूत मोडली नाही. कशी मोडणार? पाद्र्याच्या पोटाला मी सोपूत दिली नव्हती, खुरसाला दिली होती. पण त्या दिवसापासून मी देवाकडे जरा डोळे बारीक करून बघू लागलो, एखाद्या व्यापाऱ्याकडे बघावं तसा.

पुढची वर्षं मी खाडीत पाग, म्हणजे एकट्याने फेकायचं जाळं, टाकला, जांभा दगड वाहिला, माडांना आळी केली. खाडीत मिळतात ती शेवटं आणि काळुंद्रं. बांगडा पागात येत नाही. बायको पाटी घेऊन दुसऱ्यांचा मासा विकायला जायची, त्यात आयताराचाही असायचा. मी काही बोललो की म्हणायची, “सोपूत तुमी घेतलास. बायलांचो हात खुरसार कोणी ठेवक नाय.”

संध्याकाळचा तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, आमच्या घरी व्हायचा. आईचं जुनं आल्तार आमच्याकडे होतं, सायबिणीची, देवाच्या आईची, तसबीर आणि मेणबत्त्या खोचायच्या दोन पितळी बैठका. पूर्वी भाऊ बायकापोरांसह यायचा. जागा बदलल्यापासून यायचा बंद झाला. बायको गुडघ्यावर बसून माळ ओढायची, मी मागे. शेवटी एकेकाच्या नावाने ‘आमच्या बापा’ म्हणायची, मेलेल्यांसाठी, दर्यात असलेल्यांसाठी. त्यात ती रोज भावासाठी एक म्हणायची.

मी तेवढ्यावर गप्प बसायचो. एका संध्याकाळी तिने माळ थांबवली आणि मागे न वळता म्हणाली, “तुमी म्हणूक नाय तर माका दोनांचां म्हणूचां लागता. उशीर जाता, भात करपता.”

“करपांदे.”

“देवाच्या लागीं रवतलास, आनी भावाच्या नाय?”

“देवान माझी जागा घेवक नाय.”

ती पुढचं ‘आमच्या बापा’ म्हणू लागली. मी म्हणालो नाही. आजही त्या ठिकाणी मी गप्प बसतो. ती गेली, भाऊ गेला, आणि आता तेवढ्या प्रार्थनेची जागा रिकामी जाते. ती मी कुणाच्या तुकड्याने भरलेली नाही.

तुकडा सुरुवातीला मी दर पावसाळ्यात उकळत होतो. नंतर सोडलं. बायकोने एका वर्षी तो काढून परसात पडवळाच्या मांडवावर टाकला. तिला वाटलं मी ओरडेन. मी वेलांना दोरी बांधून दिली. पडवळ चांगले आले.

मग जुना पाद्री गेला आणि साठच्या दशकाच्या मध्यात एक तरुण आला, चष्मेवाला, वसईकडचा. त्याला पाद्रीबाब म्हटलेलं आवडत नसे, फादर म्हणा म्हणायचा. रोमात मोठी सभा झाली, त्यात पुष्कळ काही बदललं म्हणे. आल्तार भिंतीपासून पुढे ओढलं, फादर आमच्याकडे तोंड करून उभा राहू लागला, आणि मिसा मराठीत. जन्मभर ज्याच्या पाठीकडे बघितलं त्याचं तोंड समोर आलं, तर कुठे बघावं ते कळेना.

एका आयताराला तो सरमांवात म्हणाला, “ज्यांच्या घरची चूल समुद्रावर अवलंबून आहे त्यांनी रविवारी मिसा ऐकून जाळं ओढलं, तर ते पाप नाही. देव माणसाला उपाशी ठेवण्यासाठी दिवस मागत नाही.” बाप्यांच्या बाजूला हसू फुटलं. वर्षानुवर्षं ओढत होते, तरी आता परवानगी मिळाल्यासारखे एकमेकांना कोपर मारू लागले. भावाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यात चिडवणं होतं की आणखी काही होतं, ते मी शोधत बसलो नाही.

मिसा झाल्यावर दाराशी मी फादरला विचारलं, “मगे आधी होता तां पाप खंय गेला?”

तो म्हणाला, “बाबा, तुमच्या त्यागाचं मोल देवाला ठाऊक आहे.” पाठीवर हात ठेवला. गरम, मऊ हात, दोर न लागलेला.

मी तांडेलाकडे गेलो नाही. बायको गेली. मला न सांगता गेली, आणि येऊन मांडवाखाली उभी राहिली.

“जागा बगूक गेललंय,” ती म्हणाली. “आता पाप नाय तर परत घेतीत काय म्हणान.”

“तुका कोणी सांगल्यान?”

“कोणी नाय. माका वाटला.” तिने वर तुकड्याकडे बघितलं. “तांडेल रडलो. खरां सांगतंय. म्हणता, आता सगळी रापण नायलॉनाची. तागाचो तुकडो मधे शिवलो तर एका पाण्यात फाटात. म्हणता, तुमी नायलॉनाचो आणशात तर कडेक जागा दितलो.”

कडेला. आजोबाच्या आधी आम्ही जिथे होतो तिथे. मी म्हटलं, पडवळ काढ, भाजीला. ती काढू लागली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, आधी फादर स्वतः आमच्या परसात आला, सोबत भाऊ. भावाने किती वर्षांनी माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला होता. यंदा फेस्त आयतारी येत होतं. फादरला आल्ताराच्या मागे जुनं जाळं टांगायचं होतं, प्रभूचे शिष्य कोळी होते म्हणून. वाडीत सगळीकडे नायलॉन. तागाचं एकच उरलं होतं.

“त्यावर खुरीस पण आहे म्हणे,” फादर म्हणाला. “किती सुंदर! सगळ्या गावाने बघायला हवं.”

भाऊ खाली बघत म्हणाला, “दी रे. बापाशीचो आसा. इगर्जीत मधे लागतलो.”

मधे. तो शब्द त्याने मुद्दाम वापरला होता, माझ्यासाठी, मला कळलं. त्याच्या परीने तो परत देत होता. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

मी म्हटलं, “फादर, फेस्त कधी?”

“रविवारी.”

“तर जमाचां नाय. ह्या जाळ्याक आयताराची सुट्टी आसा.”

फादर हसला. त्याला गंमत वाटली. भावाला वाटली नाही. तो जाताना मांडवाखाली थांबला, वर हात करून बापाचा तो सुताचा खुरीस चाचपला आणि गेला.

फेस्ताच्या दिवशी मी मिसेला मागे उभा होतो. आल्ताराच्या मागे निळं नायलॉनचं जाळं टांगलं होतं, नवीन, मेणबत्त्यांत चमकत होतं. फादर बोलला, शिष्यांनी हाकेसरशी जाळी कशी सोडली आणि प्रभूच्या मागे कसे गेले. सगळे ऐकत होते. मी भावाच्या मानेकडे बघत होतो. मानेवर पांढरे केस आले होते.

सोमवारी सकाळी मी मांडवाचे वेल सोडवले, तुकडा उतरवला, झटकला, घडी घालून खांद्यावर घेतला आणि इगर्जीत गेलो. सुकला होता, तरी जड होता. फादर अंगणात पताका उतरवून घेत होता.

“बाबा, फेस्त काल झालं.”

“म्हायत आसा. म्हणानच आज हाडलंय.”

आत कोणी नव्हतं. निळं जाळं पण काढून नेलेलं. मी तुकडा आल्ताराच्या पायरीवर ठेवला, खुरसाचा कोपरा वर करून, आणि शेजारी गुडघे टेकले. एक तेर्स म्हटला. भावाची जागा आली तिथे थांबलो, नेहमीसारखा. मग तुकडा उचलला आणि घरी आणून परत मांडवावर टाकला, वेलांना आधार हवा होता म्हणून.

देव तेव्हा काही बोलला नाही. मीही त्याला काही विचारलं नाही. दर आयताराला मी अजून त्याच्यासमोर जाऊन बसतो. आम्ही दोघेही जवळ असतो.